समुद्रससा आणि स्मरणाचे रहस्य

घरात भिंतीवर नवे घड्याळ लावले म्हणजे पहिल्या रात्री त्याची टिकटिक झोप येऊ देत नाही. चार रात्री उलटल्या की तीच टिकटिक चालू असूनही कानांवर येईनाशी होते. आगगाडीच्या रुळांलगत राहणाऱ्या माणसाला मध्यरात्रीची गाडी जागे करीत नाही. त्याच्याकडे आलेला पाहुणा मात्र दचकून उठतो. याच्या उलट प्रकारही नेहमीच्या अनुभवातला आहे. परसात एकदा साप निघाला की पुढे कित्येक दिवस दोरीचे वेटोळे पाहूनही माणूस मागे सरतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ही म्हण याच अनुभवातून आलेली आहे. पहिल्या प्रकारात मन एका निरुपद्रवी गोष्टीकडे दुर्लक्ष करावयास शिकले. दुसऱ्या प्रकारात एका धक्क्याने ते सर्वच गोष्टींविषयी सावध झाले. दोन्ही ठिकाणी काही तरी शिकले गेले आणि ते काही काळ टिकले. जे टिकते त्याला आपण आठवण म्हणतो.

परंतु टिकते म्हणजे नेमके काय होते? काल नसलेली एखादी वस्तू आज डोक्यात येऊन बसते काय? हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याने आठवणीला मेणावर उमटलेल्या ठशाची उपमा दिली होती. उपमा सुंदर असली तरी मेंदूत मेण कोठे आहे आणि ठसा कशाचा उमटतो, हे तिच्यावरून कळत नाही. १८९४ साली स्पेनमधील थोर शास्त्रज्ञ सांतिआगो रामोन इ काहाल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देताना एक तर्क मांडला. मेंदू असंख्य सुट्या पेशींचा बनलेला असून त्या पेशी एकमेकींशी ठिकठिकाणी संबंध ठेवतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. शिकण्याने नव्या पेशी निर्माण होत नसाव्यात, तर असलेल्या पेशींमधील संबंध अधिक दृढ होत असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. तर्क मोठा होता. पण तो पडताळून पाहण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते, आणि पुढे कित्येक वर्षे ते तसेच राहिले.

अडचण उघड होती. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्यांतील बहुतेक इतक्या बारीक की एका मिलिमीटरच्या अंतरात पन्नास-शंभर सहज मावतील. आणि त्यांतील एकेक पेशी हजारो इतर पेशींशी जोडलेली. अशा अरण्यात एखादी नवी गोष्ट शिकल्यामुळे कोठली फांदी हलली, हे शोधणार कसे? यावर तोडगा एकच होता. अरण्य सोडून अंगणातले एखादे लहानसे रोप पाहावे. ज्याला शिकता येते, पण ज्याच्या मज्जापेशी थोड्या, मोठ्या आणि ओळखता येण्याजोग्या आहेत, असा प्राणी शोधून काढावा. तो प्राणी समुद्रात सापडला. त्याचे नाव समुद्रससा, आणि शास्त्रीय नाव ॲप्लिजिया.

नाव सशाचे असले तरी हा प्राणी गोगलगायीच्या कुळातला आहे. डोक्यावर सशाच्या कानांसारखे उभे राहणारे दोन अवयव असतात, म्हणून त्याला प्राचीन रोमन लोकही समुद्रातला ससाच म्हणत. त्या काळातील लेखक प्लिनी याने तर तो मोठा विषारी असल्याचे लिहून ठेवले आहे. गोगलगायीच्या पाठीवर दिसतो तसा शंख त्याला नसतो. अंगातल्या अंगात शंखाचा केवळ एक पातळ अवशेष उरलेला असतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील जातीचा पूर्ण वाढलेला प्राणी फूटभर किंवा त्याहूनही लांब असतो. तो शेवाळ खाऊन राहतो, आणि कोणी छेडले तर जांभळ्या रंगाची शाई सोडून पाणी गढूळ करतो. या शाईचा रंगही खाल्लेल्या तांबड्या शेवाळातूनच आलेला असतो. एकाच प्राण्याच्या ठिकाणी नर आणि मादी या दोघांचेही अवयव असतात. शेवयांच्या गुंतवळासारखी दिसणारी त्याची अंड्यांची माळ लाखो अंड्यांची असते. आयुष्य मात्र सुमारे एका वर्षाचे. समुद्री गोगलगायींच्या अनेक जाती गोव्याच्या आणि कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीच्या वेळी डबक्यांतून दिसतात. लिबलिबीत गोळा म्हणून त्यांच्याकडे पाहून पुढे जाणाराला त्यांच्या ठिकाणी काही शिकण्याची शक्ती असेल, असे स्वप्नातही वाटणार नाही.

समुद्रसशाला आपल्यासारखा एकसंध मेंदू नाही. त्याच्या सगळ्या मिळून सुमारे २०,००० मज्जापेशी असून त्यांचे लहान लहान गुच्छ शरीरात ठिकठिकाणी पसरलेले असतात. पोटातल्या एका गुच्छात सुमारे २००० पेशी असतात, आणि श्वास घेणे, अंडी घालणे, शाई सोडणे, हृदयाची गती सांभाळणे यांसारखी कामे तो पाहतो. यातील काही पेशी प्राणिसृष्टीतील सर्वांत मोठ्या मज्जापेशींपैकी आहेत. एका पेशीचा व्यास तर एक मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणजे ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. पेशींचा नारिंगी रंग आणि त्यांच्या जागा इतक्या ठरलेल्या असतात की, घरातील माणसांना हाक मारावी त्याप्रमाणे संशोधकांनी त्यांना एकेक नाव दिले. एका समुद्रसशातील जी पेशी ‘आर-२’, तीच पेशी दुसऱ्या समुद्रसशात त्याच जागी सापडते. या पेशीत काचेची अतिसूक्ष्म नळी घालून तिच्यातील विजेचे स्पंदन मोजता येते, आणि कोणती पेशी कोणत्या पेशीला संदेश पाठविते याचा नकाशाही काढता येतो. फ्रान्समध्ये आंजेलिक आर्वानिताकी या विदुषीने आणि पुढे लादिस्लाव टाउक यांनी या पेशींचा अभ्यास आधीच आरंभिला होता. पण त्यांच्या साह्याने स्मरणशक्तीचे कोडे सोडवावे, हा ध्यास ज्याने घेतला तो एरिक कॅन्डेल नावाचा एक तरुण वैद्य होता.

कॅन्डेल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९२९ रोजी व्हिएन्ना शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे खेळण्यांचे दुकान होते. १९३८ च्या मार्च महिन्यात हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्याच वर्षी नववा वाढदिवस झाला तेव्हा या मुलाला दुरून चालविता येणारी एक निळी मोटार खेळण्यासाठी मिळाली. दोनच दिवसांनी, ९ नोव्हेंबरच्या रात्री, दारावर थाप पडली आणि पोलिसांनी सर्व कुटुंबाला घर सोडून जाण्यास सांगितले. काही दिवसांनी ही मंडळी परत आली तेव्हा घरातील मौल्यवान चीजवस्तू लुटली गेली होती, आणि तिच्याबरोबर खेळणीही गेली होती. पुढल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये हा मुलगा थोरल्या भावासह अमेरिकेस पोचला. आईवडील मागाहून, महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास आले. दारावरची ती थाप साठ वर्षांनंतरही आपल्या कानांत तशीच का राहावी, या विचारातूनच मनाच्या आणि स्मरणाच्या अभ्यासाची ओढ लागली, असे कॅन्डेल यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. भयाची एक रात्र एवढ्या वर्षांनी ताजी राहते, आणि कालचे जेवण आठवत नाही, याचे कारण काय? त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नव्हता.

त्यांचा मार्ग सरळ नव्हता. हार्वर्ड येथे त्यांनी इतिहास आणि साहित्य हे विषय घेतले. पुढे फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाने त्यांना ओढले, आणि त्यासाठी ते वैद्यक शिकले. १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरी ग्रुंडफेस्ट या मज्जाशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ते गेले तेव्हा, फ्रॉइडने सांगितलेले मनाचे तीन भाग मेंदूत कोठे असतात ते शोधावे, असा त्यांचा मानस होता. ग्रुंडफेस्ट यांनी त्यांना समजावले की, मेंदू जाणून घ्यावयाचा असेल तर तो एकेक पेशी घेऊन पाहावा लागेल. त्यानंतर कॅन्डेल आणि त्यांचे स्नेही ऑल्डन स्पेन्सर यांनी मांजराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागातील पेशी तपासल्या. हा भाग निवडण्याला तसेच कारण होते. १९५३ साली अपस्मारावर उपाय म्हणून एका तरुणाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंचा हा भाग आणि त्याच्या आजूबाजूचा काही अंश शस्त्रक्रियेने काढण्यात आला, आणि तेव्हापासून त्याला नवी आठवण साठविता येईनाशी झाली. ब्रेन्डा मिल्नर या विदुषीने त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. समोर भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याला तो नवखाच वाटे. तेव्हा स्मरणाची किल्ली येथेच असली पाहिजे, असे या दोघा तरुणांना वाटले. पण त्या पेशींच्या विद्युत्स्पंदनात स्मरणाचे काही खास चिन्ह आढळले नाही. पेशी इतर पेशींसारख्याच होत्या. मग फरक असणार तो पेशींच्या परस्परसंबंधात. आणि ते संबंध मांजराच्या मेंदूत उकलणे अशक्यप्राय होते.

कॅन्डेल यांनी समुद्रसशाकडे वळण्याचे ठरविले तेव्हा ज्येष्ठ मंडळींपैकी कित्येकांना तो वेडेपणा वाटला. मेंदूचे शास्त्र सोडून गोगलगायीच्या मागे लागणे म्हणजे चांगल्या कारकिर्दीवर पाणी सोडणे, असे मत होते. शिवाय आक्षेप निव्वळ व्यवहाराचा नव्हता. एवढ्या खालच्या पायरीवरच्या प्राण्याला खरोखर शिकता येते काय, आणि येत असले तरी त्यावरून माणसाच्या स्मरणाविषयी काय कळणार, हे दोन्ही प्रश्न रास्त होते. तथापि १९६२ साली कॅन्डेल पॅरिसला टाउक यांच्याकडे गेले. शिक्षणाच्या वेळी प्राण्याला जशा संवेदना मिळतात तशाच क्रमाने त्यांनी समुद्रसशाच्या पेशींच्या गुच्छाला विजेची हलकी उत्तेजने दिली, आणि पेशींमधील संबंधांचे बळ त्यानुसार कमीअधिक होते असे त्यांना दिसले. आता जिवंत, वावरणाऱ्या प्राण्यात तेच दाखवावयाचे राहिले होते.

१९६५ नंतर न्यूयॉर्कमध्ये अर्व्हिंग कुपफरमन, व्हिन्सेंट कास्टेलुची, हॅरोल्ड पिन्स्कर, टॉमस कॅर्यू आदी सहकाऱ्यांसह हे काम सुरू झाले. त्यासाठी समुद्रसशाची एक अगदी साधी क्रिया निवडण्यात आली. त्याच्या पाठीवरील घडीखाली श्वासोच्छ्वासाचा नाजूक कल्ला असतो, आणि त्याच्या शेजारी पाणी बाहेर टाकणारी एक मांसल नळी असते. या नळीला हलका स्पर्श झाला की नळी आणि कल्ला झटकन आत ओढले जातात. गरम तव्याला बोट लागताच आपला हात मागे येतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. एका कुंचल्याने किंवा पाण्याच्या बारीक फवाऱ्याने स्पर्श करावयाचा आणि कल्ला किती वेळ व किती आत ओढला गेला ते मोजावयाचे, इतकाच प्रयोग.

आरंभीच्या घड्याळाची गोष्ट येथे जशीच्या तशी दिसली. नळीला वारंवार हलका स्पर्श केला की कल्ला दर खेपेस कमी कमी ओढला जाऊ लागला. स्पर्शापासून धोका नाही, हे प्राणी शिकला. लागोपाठ चाळीस वेळा स्पर्श केला तर ही सवय एखादा दिवस टिकली. पण तेच चाळीस स्पर्श रोज दहा याप्रमाणे चार दिवसांत वाटून दिले, तेव्हा ती काही आठवडे टिकली. श्रम तेवढेच, फरक फक्त मधल्या विसाव्याचा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेली घोकंपट्टी पेपर संपताच ओसरते, आणि रोज दिवेलागणीला थोडा थोडा म्हटलेला परवचा म्हातारपणीही तोंडातून आपोआप बाहेर पडतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून माणसाविषयी असेच सांगितले होते. नवल हे की, हा नियम गोगलगायीच्या कुळालाही लागू पडला.

दुसरा प्रयोग दुधाने पोळल्याचा. समुद्रसशाच्या शेपटीला विजेचा एक धक्का दिला, तर त्यानंतर नळीला केलेल्या अगदी हलक्या स्पर्शानेही कल्ला जोराने आत ओढला जाई. धक्का एकच असला तर हा सावधपणा काही मिनिटांत मावळे. मधे मधे अवकाश ठेवून चारपाच धक्के दिले तर तो काही दिवस राही. १९८० च्या सुमारास आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. हलका स्पर्श केल्यावर सुमारे अर्ध्या सेकंदाने धक्का, अशी जोडी काही वेळा लावली की तो स्पर्श म्हणजे येणाऱ्या धक्क्याची सूचना, असे हा प्राणी धरून चालू लागे. घंटा ऐकताच लाळ गाळणाऱ्या पावलोवच्या कुत्र्याचीच ही धाकटी भावंडे म्हणावयाची. या प्राण्याला शिकता येते काय, या पहिल्या आक्षेपाचे उत्तर अशा रीतीने मिळाले.

खरे नवे ज्ञान मिळाले ते याच्या पुढे. नळीपासून स्पर्शाची वार्ता आणणाऱ्या चोवीस संवेदक पेशी आणि कल्ला ओढणाऱ्या सहा प्रेरक पेशी सापडल्या. कोण कोणाला जोडली आहे हेही निश्चित झाले. प्रत्येक प्राण्यात ही जोडणी सारखीच होती, आणि शिकल्यानंतर एखादी नवी तार घातली गेली असे दिसेना. मग बदलले काय? दोन पेशी जेथे एकमेकींना भेटतात तेथे त्यांच्यात अतिसूक्ष्म फट असते. पहिली पेशी उत्तेजित झाली की ती या फटीत एका संदेशवाहक द्रव्याचे कण सोडते, आणि त्यामुळे दुसरी उत्तेजित होते. सवय झालेल्या प्राण्यात संवेदक पेशी हे द्रव्य पूर्वीपेक्षा कमी सोडत होती. धक्का खाल्लेल्या प्राण्यात ती ते अधिक सोडत होती. निरोप तोच, निरोप्या तोच; फक्त त्याचा आवाज कमीअधिक झाला होता. काहाल यांनी १८९४ साली केलेला तर्क अशा प्रकारे ओळखीच्या, नाव दिलेल्या दोन पेशींच्या मधोमध प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. शिक्षणाचा परिणाम पेशींच्या सांध्यावर घडतो, हे त्याचे तात्पर्य.

आवाज वाढविणारी कळही पुढे सापडली. शेपटीला धक्का बसताच काही मधल्या पेशी सेरोटोनिन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे संवेदक पेशीच्या आत सायक्लिक ए.एम.पी. हा पदार्थ वाढतो, तो एका विकराला जागे करतो, आणि मग त्या पेशीच्या टोकातून संदेशवाहक द्रव्य अधिक प्रमाणात सुटते. सायक्लिक ए.एम.पी. नुसता सुईने पेशीत घातला तरी हाच परिणाम होतो, हे १९७६ साली दाखविण्यात आले. मात्र हा सारा प्रकार आधीच असलेल्या सामग्रीत केलेली तात्पुरती फेरजुळणी होय. सभेच्या वेळी खुर्च्या हलवाव्यात आणि सभा संपताच जागच्या जागी ठेवाव्यात, तसे हे आहे. काही मिनिटांची आठवण अशी असते.

दिवसानुदिवस टिकणाऱ्या आठवणीचे तसे नाही. तिच्यासाठी घरालाच नवी खोली बांधावी लागते. संशोधकांनी एक संवेदक आणि एक प्रेरक पेशी काचेच्या बशीत वाढविली. सेरोटोनिनचा एक फवारा दिला की त्यांचा संबंध काही मिनिटे दृढ होई; अंतराअंतराने पाच फवारे दिले की तो चोवीस तासांहून अधिक टिके. पण त्या वेळी पेशीला नवी प्रथिने बनवू दिली नाहीत, तर पाच फवारे देऊनही दीर्घकाळची दृढता येत नसे. अल्पकाळची मात्र नेहमीप्रमाणे येई. दोहोंतील भेद स्पष्ट झाला. वारंवार उत्तेजन मिळाले की पेशीच्या टोकाशी जागे झालेले ते विकर थेट तिच्या केंद्रकापर्यंत पोचते आणि तेथील काही जनुकांना कामाला लावते. ही जनुके सुरू करणारे एक प्रथिन आहे, तसेच त्यांना रोखून धरणारे दुसरेही आहे. १९९५ साली हा लगाम काढून पाहिला तेव्हा जे काम पाच फवाऱ्यांनी होत असे ते एकाच फवाऱ्याने झाले. म्हणजे विसरणे हा नुसता दोष नव्हे. पाहिलेले प्रत्येक पान आणि ऐकलेला प्रत्येक शब्द कायमचा कोरला जाऊ नये, यासाठी निसर्गाने दारावर पहारेकरी ठेवला आहे. क्वचित एखाद्या प्रसंगाचा धक्काच एवढा मोठा असतो की तो पहारा एका खेपेत दूर होत असावा. नऊ वर्षांच्या मुलाने ऐकलेली दारावरची थाप याच जातीची, असे मानावयास जागा आहे.

आणि ही नवी खोली खरोखरच बांधली जाते. क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली संवेदक पेशीची टोके मोजली. न शिकलेल्या प्राण्यात एका पेशीला अशी सुमारे १३०० टोके होती. दीर्घकाळ टिकणारा सावधपणा शिकलेल्या प्राण्यात ती सुमारे २७०० झाली. ज्याला स्पर्शाची दीर्घकाळची सवय झाली होती त्याच्यात ती सुमारे ८५० वर आली. आठवण विरत गेली तशी वाढलेली टोकेही ओसरली. पण ती अगदी मूळच्या संख्येवर आली नाहीत, सुमारे १५०० वर थांबली. एकदा शिकून विसरलेली गोष्ट पुन्हा शिकताना सोपी का जाते, याचे कारण बहुधा येथे असावे. शिकलेला प्राणी आणि न शिकलेला प्राणी यांच्या शरीराची रचनाच वेगळी होते, हा या मोजणीचा अर्थ आहे.

आता दुसरा आक्षेप. हे सारे गोगलगायीचे झाले, माणसाचे काय? याला काही भक्कम उत्तरे मिळाली आहेत. फळांवर घिरट्या घालणाऱ्या चिमुकल्या माशीच्या एका मंदबुद्धी वाणात सायक्लिक ए.एम.पी. च्या व्यवस्थेतच बिघाड असल्याचे स्वतंत्रपणे आढळले. उंदरांमध्ये जनुके सुरू करणारे तेच प्रथिन नाहीसे केले असता अल्पकाळची आठवण राही, पण दीर्घकाळची राहीना. गोगलगाय, माशी आणि उंदीर यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरी स्मरणाची ही जुनी युक्ती तिघांनीही जपलेली दिसते. माणसाच्याही पेशींत हीच द्रव्ये आहेत.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. समुद्रसशाची आठवण ही सवयीची आठवण आहे. सायकलवर तोल सांभाळणे, पेटीवर बोटे फिरणे, भयाने दचकणे या जातीचे स्मरण त्यावरून समजते. हिप्पोकॅम्पस गमावलेल्या त्या रुग्णाच्या ठिकाणीही हे स्मरण शाबूत होते. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्याचे कसब तो दिवसेंदिवस शिकला, मात्र आपण ते कधी केले होते याची त्याला आठवण नसे. २००८ साली त्याचे निधन झाल्यावर हेन्री मोलेसन हे त्याचे नाव जगाला कळले. नावे, तारखा, आईचा चेहरा, गावची वाट या आठवणींची व्यवस्था फार गुंतागुंतीची असून तिच्याविषयी समुद्रससा थेट काही सांगू शकत नाही. शिवाय आठवण पेशींच्या सांध्यांतच राहते काय, हा वादही मिटलेला नाही. २०१८ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिड ग्लान्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, धक्के दिलेल्या समुद्रसशाच्या मज्जापेशींतील आर.एन.ए. न शिकलेल्या समुद्रसशाला टोचले, आणि तोही धक्का खाल्ल्याप्रमाणे सावध झाल्याचे सांगितले. आठवणीचा काही भाग पेशीच्या केंद्रकात साठत असावा, असे त्यांचे मत. ते इतर अनेकांना मान्य नाही. शास्त्रात असे वाद चालू राहणे हे त्याच्या जिवंतपणाचेच लक्षण होय.

या संशोधनासाठी कॅन्डेल यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक अर्विड कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्यासमवेत मिळाले. ज्या प्राण्यापायी त्यांची कारकीर्द बुडेल असे म्हटले गेले, त्याच प्राण्याने त्यांना तेथवर नेले. तथापि या कथेचे महत्त्व पारितोषिकात नाही. घरातले वृद्ध माणूस हळूहळू आपल्यांनाच ओळखेनासे होते, तेव्हा पुष्कळदा त्याच्या हट्टीपणाला, दुर्लक्षाला किंवा दैवाला बोल लावला जातो. आठवण ही देहात बांधलेली वस्तू आहे, हे एकदा कळले म्हणजे ती ढासळण्यामागेही देहातलीच कारणे असतात हे ध्यानात येते. आणि दोष देण्याच्या जागी शुश्रूषा व शोध यांना स्थान मिळते. त्याचप्रमाणे लहान मुलाला एकदा दिलेला मोठा धाक ‘विसरून जाईल’ म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो त्याच्या पेशींत काही बांधून जात असतो. आणि रोज थोडे थोडे, विसावा घेऊन, प्रेमाने शिकविलेलेही असेच बांधले जाते.

ओहोटीच्या डबक्यात पडून असणाऱ्या, एका वर्षाचे आयुष्य लाभलेल्या या प्राण्याला स्वतःच्या आठवणींचे काही भान असेल असे वाटत नाही. परंतु माणसाच्या मनाचे सर्वांत जपलेले रहस्य उलगडू लागले ते त्याच्या डोक्यापासून नव्हे, तर या मुक्या जीवाच्या कल्ल्यापासून. मोठ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याच ठिकाणी असते असे नाही. ते शोधणाराच्या ठिकाणी लहानाकडेही आदराने पाहण्याची दृष्टी मात्र असावी लागते.